धुऱ्याखालची बिऱ्हाडं

अहो, ऐकलंत का? या जरा इकडं कुंपणापाशी. मोठ्यानं सांगण्यासारखं नाही, आमच्या ह्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील, हिला दुसरा धंदाच नाही. पण तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

वरच्या आळीतल्या अप्पांच्या सोयाबीनचं तर तुम्हाला कळलंच असेल. अख्ख्या पालमला कळलंय. शेंगा भरायला लागल्या अन् धुऱ्याकडच्या चार ओळी कातरून टाकल्या उंदरांनी. अप्पांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दुकानातून झिंक फॉस्फाईड घेऊन आले. ती काळपट पूड असते बघा, सडक्या लसणासारखा वास येतो. भरडलेली ज्वारी, वर थोडं गोडंतेल, त्यात ती कालवली आणि त्याच संध्याकाळी बिळाबिळात नेऊन ठेवली. "उद्या सकाळी पाटी घेऊन या, उंदरं गोळा करायला," असं पारावर सगळ्यांना सांगूनसुद्धा आले. अन् सकाळी काय? एक उंदीर. एक! बाकीच्यांनी त्या ज्वारीला तोंडसुद्धा लावलं नाही. पाटी घेऊन आलेली पोरं खो-खो हसत परत गेली. अप्पांच्या सूनबाई मला सांगत होत्या, मामंजी दोन दिवस पारावर फिरकले नाहीत म्हणे...

तर काय सांगत होते, महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला आमच्याकडं सगळ्या जमल्या होत्या. तुम्ही नव्हता, माहेरी गेला होता, म्हणून तर सांगतेय. माझा भाचा आला होता परभणीहून. कृषी विद्यापीठात शिकतो तो, आपल्या वसंतराव नाईकांच्या नावाच्या. बायकांत बसायची लाज नाही त्याला, पुरणपोळीपायी बसतो. अप्पांचा विषय निघाला तसा तो म्हणाला, "मावशी, अप्पांनी पहिल्या दिवशी विष ठेवलं तिथंच चुकलं." अप्पांच्या सूनबाई शेजारीच बसलेल्या! मी डोळ्यानं खुणावतेय, पण त्याचं लक्ष असेल तर ना. म्हणाला, आदल्या संध्याकाळी आधी सगळी बिळं चिखलानं बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू घरं, बाकीची ओस. मग त्या चालू बिळांत दोन-तीन दिवस नुसतं बिनविषाचं गोडंतेल लावलेलं धान्य ठेवायचं, म्हणजे चटावतात. ही जात नव्या वस्तूला फार बिचकते. एखादा थोडंसं खातो, पोटात कळ आली अन् त्यातून वाचला, की ती चव जन्मात विसरत नाही. मग तुम्ही पंचपक्वान्नं वाढा, शिवणार नाही. सूनबाईंचा चेहरा असा उतरला म्हणता... वाटीतली साखर तशीच राहिली.

मी म्हटलं विषय बदलावा, म्हणून विचारलं, "का रे, तिथं खाली राहतं तरी कोण?" अन् तिथंच फसले बघा. तासभर थांबला नाही तो. पण खरं सांगू, मजा आली. अहो, आपल्या पायाखाली केवढी बिऱ्हाडं आहेत!

एक ती शेतातली घूस. काळसर, दणकट, बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग घालते ना, तीच. तिचा स्वभाव म्हणजे एकलकोंडा. एका बिळात एकच जीव. नवरासुद्धा जवळ खपत नाही. लेकरं लहान आहेत तोवर आई-लेकरं, मग तुझं तू, माझं मी. बीळ उकरायला गेलात की आतून पटापट माती लोटून दार बंद करून घेते. आणि कोठार भरलेलं! कणसंच्या कणसं नेऊन ठेवते. पूर्वी वडारी लोक सुगीनंतर ती बिळं खणायचे, घूस मिळायची ती मिळायचीच, वर शेर-अर्धा शेर ज्वारी एकेका बिळातून निघायची.

दुसरं बिऱ्हाड त्या मऊ केसांच्या उंदरांचं. लहानखुरे, राखी रंगाचे, पोट पांढुरकं. ह्यांना धड बीळ उकरता येत नाही. घुशीनं सोडलेल्या पडक्या वाड्यात शिरायचं, नाही तर धुऱ्यावर वेचून टाकलेल्या दगडांच्या ढिगात. पण राहतात जोडीनं, पाच-पाच, सहा-सहा मिळून. आणि उन्हाळ्यात सगळ्यात आवडती जागा कुठली, तर आपल्या काळ्या रानातल्या भेगा!

भेगांचं मी तुम्हाला काय सांगणार. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ना, त्या 2016च्या उन्हाळ्यात आमच्या रानात कोपरापर्यंत हात जायचा. जाऊबाईंच्या कोठीची किल्ली त्यातच गेली, अन् आळ आला माझ्यावर. असो. ही काळी माती चिकण, पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते, तडकते. बाहेर चटके बसत असतात अन् हातभर खाली भेगेत गारवा असतो. मग काय, उंदरांना बिनभाड्याच्या खोल्या. बिळं खणायचे कष्ट नाहीत, घारीची भीती नाही. पण मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की माती फुगते अन् भेगा मिटतात, आतल्यांना घेऊन. पिल्लंबिल्लं सगळी तिथंच. दरसाल हजारोंनी मरतात तसे. मोर तिकडं नाचतोय, शेतकरी देवाला नारळ फोडतोय अन् खाली यांच्या घरावर घर कोसळतंय.

आता गंमत ऐका. हे सगळं कुणी लिहून ठेवलंय माहितीये? वॉल्टर एलियट नावाच्या एका साहेबानं. हो, तोच, कित्तूरच्या चन्नम्मा राणीनं 1824 साली ज्याला ओलीस धरून ठेवलं होतं! धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला लढाईत, अन् एलियट आणि आणखी एक साहेब तिच्या ताब्यात. त्यातून सुटला अन् पुढं काय करतो, तर धारवाडच्या काळ्या रानात उंदीर बघत हिंडतो. साहेब लोकांचं एकेक! तेव्हा त्या मुलखाला दक्षिण मराठा प्रांत म्हणायचे. 1839 साली मद्रासच्या एका नियतकालिकात त्यानं तिथल्या सगळ्या जनावरांची यादीच छापली. त्यात या मऊ केसांच्या उंदरांची हकीकत आहे. 1826 साली म्हणे सुरुवातीचा पाऊस ओढून धरला. मग भेगा मिटल्याच नाहीत. मरायचे ते उंदीर मेले नाहीत, उलट वीत गेले. पेरलेलं बी मातीतून उकरून खाल्लं. त्यातून जे उगवलं, ते कणसावर आलं तशी ताटांवर चढून कणसं छाटली, खाली पाडली अन् निवांत बसून खाल्ली. शेतंच्या शेतं उजाड. लोकांना सारा भरता येईना. वडाऱ्यांना बोलावलं, इतक्या डझनाला इतकं माप धान्य असा भाव ठरवला. त्यांनी हजारांनी मारले, पण कमी झालेत असं कुठं दिसेना.

हे ऐकलं अन् कोपऱ्यावरच्या काकूंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "म्हंजे पाऊस लांबला की आपली पेरणी वाया, दुबार पेरणी डोक्यावर, अन् ह्यांच्या घरी बारसं?" भाचा म्हणाला, "अगदी तसंच, काकू." काकू त्याच्याकडं असं बघायला लागल्या, जसा काही पाऊस त्यानंच अडवलाय.

अन् ते एकदाच झालं असं नाही हो. 1876 ते 78 चा तो मोठा दुष्काळ, दख्खनचा, आमच्या आजेसासूबाई ज्याचं ऐकीव सांगायच्या... तो सरला. पाऊस झाला, पीक हातातोंडाशी आलं, लोकांनी जरा श्वास घेतला, तर 1878-79च्या सुगीत उंदरांच्या धाडी! नगरकडं फेअरबँक नावाचे अमेरिकन पाद्री होते, त्यांनी त्यावर लेखच लिहिला. दुष्काळानं माणसं नेली, गुरं नेली, अन् मागं राहिलेल्यांच्या ताटातलं उंदरांनी नेलं.

आपल्या इकडचं तर तुम्हाला आठवत असेलच. किल्लारीचा भूकंप, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचा, भांडी खणखणली होती आपल्या घरातसुद्धा. त्याच्या पुढच्या वर्षी, 1994च्या ऑगस्टात, बीडच्या मामला गावात प्लेग! लोकांनी भीतीनं घरं सोडलेली, धान्य आत तसंच, उंदरांना रान मोकळं. पुढं सप्टेंबरात सुरतेला तो गोंधळ, लोक रेल्वेच्या टपावर बसून पळाले. रानातल्या उंदरांत हा रोग गुपचूप मुरून असतो म्हणे, त्यांना फारसं काही होत नाही. तिथल्या पिसवा घरच्या उंदरांवर आल्या की मग आपली पाळी. त्या साली आमच्या सासूबाई घरात उंदीर मेला की पोरांना अंगणाच्या अलीकडं येऊ देत नव्हत्या. लोक हसायचे त्यांना. आता मी नाही हसत.

तर काय सांगत होते... हां, आफ्रिका. अहो, खरी बातमी तर पुढंच आहे.

भाचा म्हणाला, "आपले हे भेगेतले काहीच नाहीत, मावशी, एकत्र कुटुंब बघायचं तर केनियात अन् सोमालियात बघा." अन् मोबाईल काढून फोटो दाखवला. अगं आई गं! अंगावर केस नाही, भाजून सोललेल्या वांग्यासारखं सुरकुतलेलं गुलाबी कातडं, डोळे नुसते टिपके अन् पुढचे चार दात ओठांच्या बाहेर. ओठ दातांच्या मागं मिटतात, म्हणजे दातानं माती कोरली तरी तोंडात जात नाही. नेकेड मोल रॅट म्हणतात. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला, "महालक्ष्म्यांपुढं कसले फोटो दाखवतोस मेल्या!" पण मान वाकडी करून बघत होत्या सगळ्यात जास्त त्याच.

त्यांच्या घरची रीत ऐका. सत्तर-ऐंशी जणांचं कुटुंब, कधी तीनशेपर्यंत जातं. त्यात वीणार एकटी राणी. दोन-तीन नर तिच्या मर्जीतले. बाकी सगळी, पोरी काय अन् पोरं काय, नुसती राबायला. मधमाश्यांत असतं तसं, पण हे तर अंगावर पाजणारं जनावर! जेनिफर जार्विस नावाच्या बाईंनी केपटाऊनला अशी घराणी पाळून पाळून 1981 साली हे जगाला दाखवलं. त्याच्या चार-पाच वर्षं आधी अमेरिकेत अलेक्झांडर नावाचे प्राध्यापक व्याख्यानांतून सांगत फिरत होते, की मुंग्यांसारखं कुटुंब करणारा सस्तन प्राणी असलाच तर तो कडक जमिनीखाली राहील, मोठाले कंद खाईल. नुसतं मनानं मांडलेलं हं! तर ऐकणाऱ्यांतून एक जण उठला अन् म्हणाला, सर, तुम्ही वर्णन करताय तो प्राणी आहे की आफ्रिकेत! प्राध्यापकांचं तोंड बघायला हवं होतं नाही?

राणी कशी, तर बोगद्यांतून दिवसभर फेऱ्या मारते अन् कुणी रेंगाळताना दिसलं की नाकानं ढुसण्या देत मागं रेटते. हे ऐकून आमच्या जाऊबाई गप्प. मी पण गप्प. काकूंनी मात्र आमच्या सासूबाईंच्या फोटोकडं बघितलं, तेवढं नको होतं. राणी मेली की तिच्या लेकीच आपसात भिडतात, जिवावर उठतात, अन् जी जिंकेल तिच्या पाठीची हाडं लांबतात, पोटात डझनानं पिल्लं मावावी म्हणून. राणी एका वेळी सव्वीस-सत्तावीस पिल्लंसुद्धा घालते कधी. सांभाळायला दुसऱ्या. त्यांना आईपण यावं म्हणून काय युक्ती आहे ऐकलंत तर... नको बाई, तुम्ही आत्ताच जेवून आलात. बरं, सांगतेच. राणी पोटुशी असताना तिची लेंडी त्या खातात! तिच्यातनं तिची संप्रेरकं यांच्या अंगात उतरतात अन् पिल्लू ओरडलं की ह्यांना पान्हा नाही पण माया फुटते. जपानच्या लोकांनी 2018 साली सिद्ध केलं. काकूंच्या हातात पंचखाद्याची वाटी होती, ती हळूच खाली ठेवली त्यांनी.

प्रत्येक घराण्याची बोली निराळी म्हणे. म्हणजे चिवचिवण्याची ढब. परका आला की बोलीवरून ओळखतात अन् हाणतात. बर्लिनच्या लोकांनी 2021 साली एका घरची तान्ही पिल्लं दुसऱ्या घरात वाढवली, तर ती त्या दुसऱ्या घरचीच बोली बोलायला लागली. राणी गेली की सगळ्यांची बोली विस्कटते. माझी धाकटी सून पुण्याची, तुम्हाला माहितीये, इथं येऊन चार वर्षांत "काय करायलीस" म्हणायला लागली. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आई, मला उंदरात काढलंत!" गाल फुगवून बसली होती संध्याकाळपर्यंत.

अन् चिवट किती! एका खोलीत एवढ्यांचे श्वास, हवा कुंद, नाकाडोळ्यांची आग व्हायची. तर आम्ल लागलं तरी ह्यांच्या कातडीला झोंबत नाही. मिरचीसुद्धा नाही. "मंग द्या की आपला ठेचा," काकू म्हणाल्या. प्राणवायू अजिबात नसला तरी अठरा मिनिटं तग धरतात, साधा उंदीर मिनिटभरात खलास. शिकागोच्या पार्क नावाच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये शोधलं, की अशा वेळी हे अंगातली नेहमीची साखर सोडून फळातली साखर जाळायला लागतात, झाडं करतात तसं. मी म्हटलं, आपल्या भेगेतल्या बिचाऱ्यांना ही विद्या असती तर मृगाचा पाऊस त्यांनी सहज काढला असता. आयुष्य तीस वर्षांच्या वर. आपला घरचा उंदीर दोन-तीन वर्षांचा सोबती.

"पण एवढं गोळा होऊन राहायचं कशाला?" असं विचारलं कुणी माहितीये? आमच्या त्या चुलत जाऊबाईंनी. दिग्रसच्या बंधाऱ्याकडं ज्यांचं रान आहे, ज्यांनी गेल्या साली वाटणी मागून घेतली... हां, त्याच. वाटणीत विहीर कुणाला, बैलजोडी कुणाला, ते रामायण तुम्हाला ठाऊकच आहे. चांगला ऊस उभा आहे त्यांचा. त्यांनी विचारलं अन् सगळ्या टवकारल्या.

भाच्याला काय कल्पना! तो सरळ सांगत सुटला. तिकडं पाऊस कमी, जमीन दगडासारखी. खायला काय, तर जमिनीतले कंद, तेही लांब लांब, कुठं आहेत ते वरून कळत नाही. एकट्यानं खणत गेलं तर कंद सापडायच्या आधी भुकेनं मरायचं. पाऊस पडून माती मऊ झाली की तेवढ्या दिवसांत सगळ्यांनी मिळून दहा दिशांना खणायचं. पुढचा दातानं कोरतो, मागचे रांगेनं माती मागं लोटतात, शेवटचा ती बाहेर उडवतो. कुणा एकाला कंद लागला की घरादाराची सोय. तोही सगळा संपवत नाहीत, आतला गर खाऊन साल ठेवतात, परत वाढतो. असे सगळे बोगदे मिळून तीन-चार किलोमीटर भरतात एका घराचे. कलाहारीतले त्यांचे चुलते, डमारालँडचे, तेही असंच मिळून राहतात. जिथं पाऊस बरा अन् खायला हाताशी, तिथले त्याच कुळातले उंदीर मात्र एकेकटे. आपली घूस तशीच. चारी बाजूंनी ज्वारी, सोयाबीन, ऊस, तिला कुणाची गरज काय?

काकू पटकन बोलून गेल्या, "म्हंजे बागायतवाले वेगळे निघतात अन् कोरडवाहूवाले एकत्र राहतात, असंच ना रे?"

काय शांतता पसरली म्हणता! पंख्याचा आवाज तेवढा. मी जाऊबाईंकडं बघेना, जाऊबाई माझ्याकडं बघेनात. चुलत जाऊबाईंचा चेहरा आधी लाल, मग पांढरा. पण त्याही काही कमी नाहीत. पदर सावरला अन् भाच्याला म्हणाल्या, "का रे, त्या राणीच्या घरात धाकट्यांना जन्मभर ढुसण्याच खायच्या का? कुणी वेगळं निघतच नाही?"

मला वाटलं, आता हा गप्प बसेल. पण पोरगं प्रामाणिक. म्हणाला, "निघतात ना, काकू. 1996 साली कळलं ते. अधूनमधून एखादं पिल्लू तसं निपजतं. घरचं काम करत नाही, खाऊन खाऊन जाड होतं, संधी मिळाली की बोगद्यातनं बाहेर पडायला बघतं. घरातल्या कुणाशी जमत नाही त्याचं, परक्याशी जमतं."

अहो, एकीनंही तोंडातून शब्द काढला नाही हं. पण सगळ्यांची नजर एकदम एकीकडंच गेली. चुलत जाऊबाईंनी हळदीकुंकवाचं बोट कपाळाला लावलं न लावलं अन् उठल्या, "गंगाखेडची गाडी गाठायचीय" म्हणून. गंगाखेडची गाडी! त्यांचं घर लोह्याच्या बाजूला.